जुन्या काचघराला नवे दालन जोडताना

प्रश्न : एका सार्वजनिक उद्यानातील उष्णकटिबंधीय काचघरात ताडवृक्षांचे शेंडे छताला टेकले आहेत. शेजारी दुप्पट उंचीचे दालन बांधून ते जुन्या छपरालाच जोडले, तर खर्च वाचणार नाही का? आणि पाणी ठिबकण्याची जुनी तक्रार जाड काचेने थांबेल का?

उत्तर : ताडाला वाढीचा एकच कोंब असतो आणि तो छाटला की झाड मरते. त्यामुळे उंची वाढवण्याची गरज खरी आहे. मात्र नव्या छपराचा भार जुन्या चौकटीवर टाकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ती चौकट स्वतःचे वजन आणि वारा यांच्याच हिशेबाने बांधलेली असते. शिवाय तिचा पाया कित्येक वर्षांपूर्वी खचून स्थिरावलेला असतो, तर नव्याचा अजून खचायचा असतो. पोलादाची 40 मीटर लांबीची तुळई तापमानात 40 अंशांचा फरक पडला की सुमारे 19 मिलिमीटर लांबते, आणि एवढी हालचाल ताठ सांध्यातून काचेवर गेली तर तावदाने तडकतात. म्हणून नव्या दालनाचे खांब आणि पाया स्वतंत्र असावेत, आणि दोन्ही छपरांमध्ये लवचीक, जलरोधक प्रसरण सांधा ठेवावा. दोन उतार जिथे भेटतात तिथे रुंद पन्हळ हवी आणि ती साफ करायला माणसाला चालता यावे, इतकी जागा हवी. नकाशावर हा भाग चिंचोळा दिसतो, पण छपराची गळती बहुधा इथेच सुरू होते.

हवेचा प्रश्न मला याहून गंभीर वाटतो. ऊबदार हवा वर चढते, म्हणून उंच दालन जोडताच जुन्या भागातली ऊब तिकडे ओढली जाते आणि थंड हवा जमिनीलगत उलट वाहत जुन्या रोपांच्या मुळाशी येते. उष्णकटिबंधातील अनेक रोपांना 10 ते 12 अंशांखालचे तापमान सोसत नाही, आणि ही इजा पाने काळवंडल्यावरच लक्षात येते. दोन्ही भागांचे तापनियंत्रण वेगळे ठेवावे, मधल्या वाटेला दुहेरी दारे द्यावीत आणि उंच छपराखाली साचलेली ऊब पंख्यांनी खाली आणावी.

आता ठिबकण्याविषयी. आतली हवा 25 अंश आणि सापेक्ष आर्द्रता 80 टक्के असेल, तर सुमारे 21 अंशांहून थंड असलेल्या कोणत्याही पृष्ठभागावर दव जमते. बाहेर शून्य अंश असताना एकेरी काचेची आतली बाजू 6 अंशांच्या आसपास असते. साधी दुहेरी काच वापरली तरी ती 16 अंशांपर्यंतच पोहोचते, म्हणजे दव जमणारच, आणि काच नुसती जाड केल्याने तर फारसा फरक पडत नाही. उष्णतारोधक लेप असलेल्या दुहेरी काचेने दव पुष्कळ कमी होईल, तरी ते नाहीसे होईल असे धरून चालू नये. काचेला पुरेसा उतार द्यावा, म्हणजे पाणी थेंबांनी न पडता काचेवरूनच ओघळेल, आणि ते काच धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांतल्या बारीक पन्हळींत झेलून बाहेर काढावे. ओलावा कायम राहतो, म्हणून पोलादाला जस्ताचा थर आणि काच धरणाऱ्या पट्ट्यांना गंजरोधक पोलाद किंवा अ‍ॅल्युमिनियम लागते. लंडनमधल्या क्यू उद्यानातील 1848 साली पूर्ण झालेल्या ताडगृहाची 1984 ते 1988 या काळात मोठी दुरुस्ती करावी लागली, त्यामागे लोखंडाचा गंज हे मोठे कारण होते. डोक्यावरची काच थरांची घ्यावी, म्हणजे फुटली तरी तुकडे चिकटून राहतात.

प्रश्न : काम चालू असताना झाडे हलवावी लागतात का?

उत्तर : शक्यतो नाही. जुनी भिंत पाडण्यापूर्वी तिच्या आत, झाडांच्या बाजूने, पॉलिकार्बोनेट या पारदर्शक प्लास्टिकची तात्पुरती भिंत उभारून नवे दालन तिच्यापलीकडे पूर्ण करावे. ती भिंत वर्षातल्या सर्वांत उबदार आठवड्यांत, आणि नव्या बाजूची तापनयंत्रणा काही काळ चालवून पाहिल्यावरच काढावी.