अंमली, मादक की ‘आम्ली’?

गोव्यातल्या डिचोलीच्या एका शिक्षिकाबाईंचा प्रश्न आला आहे. २६ जूनच्या जागतिक अंमली पदार्थविरोधी दिनानिमित्त त्यांच्या शाळेत निबंधस्पर्धा आहे. विषयात ‘मादक पदार्थ’ लिहावं की ‘अंमली पदार्थ’, आणि या दोन्हींत फरक काय, असं त्या विचारतात. पत्राच्या शेवटी त्या लिहितात की मागच्या वर्षी शाळेच्या फलकावर ‘आम्ली पदार्थ’ असं छापलं होतं. एका सहशिक्षकांच्या मते तेच बरोबर, कारण एलएसडी या नशेच्या द्रव्याला ‘ॲसिड’ म्हणतात. ॲसिड म्हणजे आम्ल, म्हणून आम्ली.

बाई, तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येतो, पण आधी हे ‘आम्ली’ निस्तरू द्या. गेली काही वर्षं हा शब्द माझा पिच्छा सोडत नाही. पथनाट्यात ऐकला, रॅलीतल्या मुलांच्या हातातल्या पुठ्ठ्यांवर वाचला. फोंड्याला एका फलक छापणाऱ्याच्या दुकानात तर माझ्यासमोर एका मुलाने बरोबर टाइप केलेला ‘अंमली’ खोडून ‘आम्ली’ केला. मी विचारलं, का बदललंस? म्हणाला, “सर, ते टिंब चुकून पडलेलं दिसत होतं.” त्याच्या खुर्चीमागे उभा राहून मी ते टिंब परत चढवून घेतलं. शब्दाचा सगळा जीव त्या टिंबात आहे.

एलएसडी हे द्रव्य अल्बर्ट हॉफमन यांनी स्वित्झर्लंडमध्ये १९३८ साली पहिल्यांदा तयार केलं, आणि ते मनावर काय करतं हे त्यांनाच १९४३ साली कळलं. ते लायसर्जिक आम्लापासून बनतं, म्हणून त्याला ॲसिड म्हणतात. इथवर तुमचे सहशिक्षक बरोबर आहेत. पण मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी शब्दकोश १८३१चा, आणि त्यात ‘अंमल’ आहे. हॉफमन जन्मायच्या कितीतरी आधी मराठी माणसाला अफूचा अंमल चढत होता आणि उतरत होता. हणजूण-वागातोरच्या वाळूवर हिप्पी येऊन बसले ते तर साठाच्या दशकाच्या उत्तरार्धात. त्यांनी आपल्याला बऱ्याच गोष्टी दिल्या असतील, हा शब्द दिलेला नाही. आम्ली पदार्थ म्हणजे चिंच, कोकमाची सोलं, ताक. आपली रोजची आमटीसुद्धा त्याच ‘आम्ल’ घराण्यातली.

आता खरा शब्द. नशेच्या बाकीच्या शब्दांची मुळं (मारेकऱ्याला इंग्रजीत ‘असॅसिन’ म्हणतात ते हशीशवरून, ही प्रसिद्ध गोष्ट वगैरे) सर्वांना ठाऊक आहेत, ती मी सोडतो. ‘अंमल’ मात्र मला सोडवत नाही.

अरबीत ऐन, मीम, लाम या तीन अक्षरांचं मूळ आहे. त्याचा अर्थ करणं, काम करणं. त्यातून ‘अमल’, म्हणजे कृती. फारसीच्या हातून तो दख्खनेत आला, आणि आपण त्यातला म दाबून उच्चारला, म्हणून मराठीत ‘अंमल’. आता त्याच तीन अक्षरांची मराठीतली बाकीची प्रजा बघा. अंमलदार: काम पाहणारा. अंमलबजावणी. मामला: अरबी ‘मुआमला’, व्यवहार. त्यातून मामलत आणि मामलेदार. गोव्यात प्रत्येक तालुक्याला ज्याच्या कचेरीच्या पायऱ्या आपण झिजवतो तो. मामूल आणि मामूली: ‘मामूल’ म्हणजे केलेलं, नेहमी केलं जाणारं, म्हणून रूढ, म्हणून साधं. आणि अंमली. म्हणजे अंमली पदार्थ विकणारा, त्याला पकडणारा पोलीस अंमलदार, पंचनाम्याचा मामला आणि मामलेदार, हे सगळे एकाच मुळाचे. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी रात्री उठून कोश परत उघडला होता.

(हमाल या कुटुंबात नाही. एका व्याख्यानात त्यालाही यात ओढलेलं मी ऐकलं आहे. हमालाचा ह वेगळा, त्याचं मूळ ओझं वाहण्याचं. दोन शब्द कानाला सारखे लागले की नातं जोडून मोकळं व्हायचं, हे थांबायला हवं.)

इथे माझा जाणकारांशीच वाद आहे. बहुतेक जण सांगतात की अंमल म्हणजे मूळचं राज्य, सत्ता. नशा माणसावर राज्य करते म्हणून पुढे नशेलाही अंमल म्हणू लागले. रूपक म्हणून हे सुरेख आहे, आणि गोव्यात तर ते पटकन पटतं. १५१० ते १९६१ अशी ४५१ वर्षं आपण ‘पोर्तुगीज अंमल’ म्हणत आलो. अंमल बसतो, अंमल उठतो, हे आपल्याला शिकवायला नको. पण हा क्रम चुकीचा आहे आणि तो शिकवला जाऊ नये असं माझं ठाम मत आहे. मूळ अर्थ ‘काम करणं’. सुभ्यात अधिकारी काम करतो, तो एक अंमल. पोटात औषध काम करतं, तो दुसरा. दोन्ही फांद्या एकाच खोडातून सुटल्या, एक दुसरीतून नाही. हकिमाच्या भाषेत औषधाचा अंमल, विषाचा अंमल सर्रास चालतो. विष काही राज्य करत नाही, ते काम करतं आणि माणूस संपतो.

माझ्या बाजूचा पुरावा मराठीबाहेरही आहे. राजस्थानात ‘अमल’ म्हणजे थेट अफू. पाहुण्याला तळहातावरून अफूचं पाणी पाजण्याची जुनी रीत तिकडे आहे, आणि त्या पाण्याला अमल म्हणतात. पंजाबीत ‘अमली’ म्हणजे व्यसनी माणूस. आपल्याकडे अंमली पदार्थ असतो, त्यांच्याकडे अमली माणूस! राज्यापासून सुरुवात केली तर या दोन्हींकडे पोचायला फार वळसा पडतो. ‘काम करणारी वस्तू’ म्हटलं की दोन पावलांत पोचता येतं.

असं आणखी एक जोडपं देतो. कैफ आणि कैफियत. अरबीत ‘कैफ’ म्हणजे ‘कसा?’. त्यावरून अवस्था, मनाची तऱ्हा. एका बाजूने त्याची नशा झाली, दुसऱ्या बाजूने कोर्टात सांगायची हकिगत. कैफियत कैफातून निघाली असं कोणी म्हणत नाही. दोन्ही ‘कसं आहे’ या प्रश्नातून निघाल्या. अंमलाचं तसंच आहे.

सत्तरी तालुक्यातल्या एका भाटीवर, म्हणजे काजूची दारू गाळण्याच्या भट्टीवर, मी उभा होतो. मार्च संपत आलेला, भाटीजवळ गरम बोंडूंचा वास. ताज्या हुर्राकाचा, म्हणजे पहिल्या धारेच्या काजूच्या दारूचा, पेला माझ्या हातात देताना म्हातारा म्हणाला, “बेगीन चडना, बेगीन देंवना, अंमल सवकास.” लवकर चढत नाही, लवकर उतरत नाही. चढणं-उतरणं हे शब्द तापालाही लागतात, विषालाही. भाटीवरच्या माणसाच्या तोंडी अंमल हा अजून औषधासारखा, अंगात काम करणारा आहे. गंमत म्हणजे दारूड्यासाठी त्याच्याकडे शब्द आहे ‘बेबदो’, तो पोर्तुगीज. माणसाला पोर्तुगीज नाव आणि त्याच्या नशेला अरबी.

भाटीवरून आठवलं. ‘आम्ली’च्या मागे जी खोड आहे ती फार जुनी आहे: परक्या शब्दाला संस्कृताचं उपरणं घालायचं. अफू बघा. ग्रीकमध्ये रसाला ‘ओपोस’, खसखशीच्या बोंडाच्या रसाला ‘ओपिऑन’. अरबीत प नाही, म्हणून ‘अफयून’. तो भारतात आला आणि आपल्या पंडितांनी त्याचं केलं ‘अहिफेन’: अहि म्हणजे साप, फेन म्हणजे फेस, सापाच्या तोंडचा फेस! वैद्यकाच्या ग्रंथांत हे नाव मिरवतं आणि आजही कोणी कोणी छातीठोकपणे सांगतं की अफू हा शब्द अहिफेनावरून आला. उलटं आहे. अहिफेन अफयूनावरून आला. फेसाचं खरं नातं पाहायचं तर आपली फेणी आहे. तिचं नाव फेसावरूनच. म्हणजे काजूच्या फेणीतला फेन खरा आणि अफूच्या अहिफेनातला खोटा.

आणि हे सगळं गोव्यात बसून कोणीतरी आपल्या आधी केलं आहे. गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज १५३४ साली गोव्यात आला, वैद्य होता, आणि १५६३ साली भारतातल्या वनस्पती आणि ‘द्रोगां’वरचं त्याचं पुस्तक इथेच छापलं गेलं, गोव्यात छापखाना येऊन जेमतेम सात वर्षं झाली होती तेव्हा. पणजीला चर्चसमोरची बाग त्याच्या नावाची. त्याच्या शीर्षकातल्या ‘द्रोगा’ म्हणजे दालचिनी, लवंग, कापूर, हिंग, अफू, सगळं. आज ‘ड्रग्ज’ म्हटलं की जे डोळ्यांपुढे येतं ते त्यात आहे, पण हळदीच्या शेजारी. पुस्तक प्रश्नोत्तरांचं आहे: रुआनो नावाचं पात्र विचारतं, ऑर्ता उत्तर देतो, आणि पदार्थाला कोणत्या भाषेत काय म्हणतात हेही सांगत जातो. ही शब्दचर्चाच आहे. आपल्या मातीत छापलेली इतकी जुनी शब्दचर्चा असताना आपल्या शाळांत तिचं नावही कोणी घेत नाही, याचं मला वाईट वाटतं. ऑर्ता १५६८ साली वारला. तो धर्मांतरित ज्यू घराण्यातला होता, आणि १५८० साली इन्क्विझिशनने, म्हणजे पाखंड्यांना शिक्षा देणाऱ्या चर्चच्या न्यायालयाने, त्याची हाडं उकरून जाळली.

भांगेवरच्या प्रकरणात त्याने एक आठवण दिली आहे. गुजरातचा सुलतान बहादूरशहा पोर्तुगीज सेनानी मार्तिम आफोंसो द सोझाला म्हणाला होता की रात्री पोर्तुगालला, ब्राझीलला, तुर्कस्तानला, अरबस्तानला किंवा इराणला जावंसं वाटलं की आपण थोडी भांग खातो. सोझा भारतात येण्याआधी ब्राझीलमध्ये वसाहत घालून आला होता, म्हणून त्या यादीत ब्राझील. बहादूरशहा १५३७ साली दीवजवळ मारला गेला. म्हणजे गोष्ट त्याच्या आधीची. किनाऱ्यावरची पोरं ज्याला आज ‘ट्रिप’ म्हणतात आणि इंग्रजीतून उचललेली नवी कल्पना समजतात, तीच सुलतानाने इतक्या नेमक्या शब्दांत सांगून ठेवली आहे. त्या प्रवासाला त्याच्यानंतर कोणी नवं काही जोडलेलं मला दिसत नाही.

बाई, आता तुमचा प्रश्न.

‘मादक’ संस्कृत ‘मद्’वरून. त्यात हर्ष आहे. मदिरा, मदन, हत्तीचा मद, उन्माद, आणि घसरून झालेला प्रमादसुद्धा. म्हणूनच आपण मादक डोळे म्हणतो, मादक सुगंध म्हणतो. हा स्तुतीचा शब्द आहे. दहावीच्या मुलाला ज्यापासून लांब राहा म्हणून सांगायचं, त्याला हा शब्द लावू नका.

कायद्याच्या मराठीत अंमली पदार्थांविषयीच्या १९८५च्या (एनडीपीएस) अधिनियमासाठी ‘गुंगीकारक औषधिद्रव्ये’ असं चालतं. तेही मला मान्य नाही, कारण त्याच कायद्यात कोकेन आहे, आणि कोकेन गुंगी आणत नाही, झोप उडवतं. कायद्याचं एक मात्र चांगलं की त्यात ‘गांजा’ आणि ‘चरस’ हे आपले शब्द इंग्रजी मसुद्यातही तसेच आहेत, आणि त्यांची व्याख्या काटेकोर आहे: गांजा म्हणजे फुलोऱ्याचे शेंडे, चरस म्हणजे राळ. शेंड्यांशिवायची नुसती पानं, म्हणजे भांग, गांजात मोडत नाहीत. बातम्यांत या तिन्हींची ‘चरस-गांजा-भांग’ अशी एकच मोट बांधतात, ती बांधू नका.

‘अंमली’ यांत सर्वांत नेमका, कारण तो गुंगी येते की तरतरी, सुख होतं की दुःख, यातलं काहीच गृहीत धरत नाही. पदार्थ आत जाऊन काम करतो, इतकंच सांगतो. निबंधाच्या विषयात ‘अंमली पदार्थ’च लिहा, टिंब देऊन. नुसतं ‘अमली’ही पुष्कळ ठिकाणी छापतात, मी देत नाही, कारण संस्कृतात ‘अमल’ म्हणजे निर्मळ, आणि अमल नावाची मुलं तुमच्या वर्गात असतील. ‘अंमलाखाली’ लिहितानाही टिंब तसंच ठेवा.

मागच्या वर्षीचा फलक जपून ठेवला असेल तर तो रंगवून दुरुस्त होणार नाही. काना खोडता येईल, टिंब चढवता येईल, पण ‘म्ल’ जोडाक्षर फोडून ‘मल’ करायला जागा पुरत नाही. मी फोंड्याला ते करून पाहिलं आहे. नवाच छापून घ्या, आणि छापण्याआधी दुकानात स्वतः उभ्या राहा.