केस्ट्रेलच्या पेटीत स्टारलिंगच का शिरतात

पेनसिल्व्हेनियात गोठ्यालगतच्या झाडावर अमेरिकन केस्ट्रेल या छोट्या ससाण्यासाठी घरट्याची पेटी लावली आणि दोन वर्षं तिच्यात स्टारलिंगच नांदतायत, असं तुम्ही लिहिलंय. मापं बरोबर दिसतायत, चुकलीय ती जागा. स्टारलिंग आपल्या साळुंकीच्याच कुळातला. गोठा आणि माणसांची वर्दळ त्याला मानवते. केस्ट्रेलसाठी भोक 3 इंचांचंच लागतं आणि त्यातून स्टारलिंगही सहज जातो, त्यामुळे भोक लहान करून उपयोग नाही.

पेटी उघड्या कुरणात, एकट्या खांबावर 10 ते 20 फुटांवर हलवा. तोंड आग्नेयेला, समोर फांद्या नकोत. खांबाला पत्र्याचा गुळगुळीत वेढा घाला, नाहीतर रॅकून हा झाडावर चढणारा प्राणी अंडी खातो. दुसरी पेटी लावणार असाल तर अर्धा मैल तरी अंतर ठेवा. मोठ्या हमरस्त्यापासून लांब राहा. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात 2013 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वर्दळीच्या रस्त्यांजवळच्या माद्या जास्त तणावात होत्या आणि घरटी सोडून जात होत्या.

तळाला 2-3 इंच पाइनचा भुगा घाला, पण रंध्याखाली निघतो तसा जाड. करवतीचा बारीक भुसा ओल धरतो. केस्ट्रेल स्वतः काडीही आणत नाही, त्यामुळे भुगा नसेल तर अंडी उघड्या फळीवर घरंगळतात. पाणी निघायला तळाला छिद्रं हवीत. भोकाखालच्या आतल्या फळीवर आडव्या खाचा पाडा, पिल्लं त्यांना धरून वर चढतात.

खरं काम मार्चपासून. दर आठवड्याला पेटी उघडा. आत गवत-काड्या भरलेल्या दिसल्या की स्टारलिंग आलाय, सगळं काढून टाका. त्याला अमेरिकेत संघीय कायद्याचं संरक्षण नाही. त्याची अंडी फिकट निळी, बिनठिपक्यांची. केस्ट्रेलची मळकट पांढरी, तपकिरी ठिपक्यांची. ही दिसली तर हात लावू नका, तो गुन्हा आहे. पेटी मिटून निघा. अंडी महिनाभर उबवली जातात आणि पिल्लंही जवळजवळ तेवढेच दिवस आत असतात. ती तीन आठवड्यांची झाली की मात्र पेटी उघडायची नाही, घाबरून वेळेआधीच उडी मारतात.

1966 पासूनच्या पक्षीगणनेत उत्तर अमेरिकेतले केस्ट्रेल निम्म्याच्या आसपास घटलेत, आणि पेट्या असलेल्या काही भागांतही ते कमी झालेत. पेटीने फक्त ढोलीची उणीव भरून निघते. कुरणात कीटकनाशकं आणि उंदरांचं विष पडत असेल, तर आधी ते थांबवा.