मोठा इंटरकूलर बसवला आणि गाडी तापायला लागली

प्रश्न : काका नमस्कार, मी कासारवडवलीला राहतो. माझ्याकडे जुनी इंपोर्टेड दोन दरवाज्यांची टर्बो स्पोर्ट्स कार आहे, 2 लिटर. कंपनीचा इंटरकूलर (टर्बोने दाबलेली गरम हवा थंड करणारी जाळी) छोटा होता म्हणून बंपरच्या मागे मोठा फ्रंट माउंट बसवून घेतला आणि तेव्हापासून टेंपरेचरचा त्रास सुरू झालाय. घोडबंदर रोडला पातलीपाड्याच्या ट्रॅफिकमध्ये अर्धा तास अडकलो तरी 96 च्या वर जात नाही, पण खंडाळ्याचा घाट जरा दाबून चढवला की सरळ 112. वागळे इस्टेटमधला फॅब्रिकेटर म्हणतोय डबल जाडीचा अ‍ॅल्युमिनियम रेडिएटर बनवू, विषय संपेल. बनवू का?

उत्तर : लगेच नको, कारण तुम्ही लिहिलंय त्यातच अर्धं उत्तर आहे. जी गाडी ट्रॅफिकमध्ये तापते आणि पळायला लागली की थंड होते तिचा फॅन किंवा श्राउड (फॅनभोवतीचं कव्हर) बघायचा. तुमचं बरोब्बर उलटं आहे, म्हणजे फॅन आपलं काम करतोय, पण लोड आला की रेडिएटरला हवा पुरत नाहीये. पाणी नीट फिरत नसेल, कोअर (रेडिएटरची मधली जाळी) आतून चोंदला असेल, हेही होऊ शकतं, पण त्रास इंटरकूलर बसवल्यावर सुरू झाला म्हणता म्हणून माझा पहिला संशय हवेवरच. त्याआधी एक खात्री करून घ्या. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना कॅप उघडून गाडी स्टार्ट करा आणि पाण्यात बघा, बुडबुडे थांबतच नसतील तर हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधलं सील) गेलेलं असू शकतं आणि मग कितीही मोठा रेडिएटर लावा, उपयोग शून्य. गरम गाडीची कॅप मात्र चुकूनही उघडू नका, 1.1 बारच्या कॅपखाली साधं पाणीसुद्धा 120 अंशापर्यंत उकळत नाही आणि कॅप सैल केली की तेच पाणी वाफ होऊन तोंडावर येतं.

आता मोठा इंटरकूलर तुम्ही बसवलात ते चूक नाही. आपल्याकडे मे महिन्यात 35 अंशाची हवा टर्बोने 1 बार बूस्टला (जादा दाबाला) दाबली की ती 120-130 अंशापर्यंत जाते, ती 50 वर आणली तर त्याच दाबात जवळपास 25 टक्के जास्त हवा इंजिनात जाते आणि नॉकिंगचा (इंधन अवेळी पेटून इंजिन ठोकण्याचा) धोकाही कमी होतो. पण ती उष्णता जाते कुठे? इंटरकूलरच्या पाठीमागून बाहेर पडते आणि थेट तुमच्या रेडिएटरच्या तोंडावर येते. म्हणजे रेडिएटरला आधीच गरम झालेली हवा मिळते, तीही कमी, कारण मधे एक जाड भिंत उभी आहे आणि हवा पाण्यासारखीच असते, सोपी वाट दिसली की तिकडूनच पळते. इंटरकूलरच्या वरून, खालून, हेडलाइटच्या मागच्या भोकांतून, कोअर सोडून जिथून जमेल तिथून.

माझ्या शेडमध्ये अशीच एक गाडी आली होती, मालकाने दोन वेळा रेडिएटर बदलला होता. बंपर काढला तर इंटरकूलर आणि रेडिएटरच्या मधे दोन्ही बाजूंनी माझा अख्खा हात आत जाईल एवढी फट. आम्ही आधी काही वेल्डिंग केलंच नाही, फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा कापला, चिकटपट्टीने बंपरच्या तोंडापासून रेडिएटरच्या कडेपर्यंत चारी बाजू बंद केल्या, रेडिएटरच्या तोंडावर लोकरीचे बोटभर तुकडे चिकटवले, आत एक छोटा कॅमेरा बांधला आणि पाम बीच रोडला एक चक्कर मारली. आधीच्या व्हिडिओत कडेचे तुकडे नुसते लोंबत होते, काही तर उलटे फिरत होते, पुठ्ठा लावल्यावर सगळे कोअरकडे ताठ. मग त्याच पुठ्ठ्याच्या मापाने 1.5 मिमी अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचा डक्ट (हवेची वाट) बनवला, कडांना फोम लावला. तिसरा रेडिएटर घ्यायची वेळच आली नाही.

तुम्हीही आधी हे करा. आणि आत आलेली हवा बाहेर कुठून जाते तेही बघा, इंजिन बेमध्ये कोंडली तर पुढून येणार कशी.

एवढं करूनही घाटात 105 च्या वर जात असेल तर रेडिएटर बनवा, पण जाडी वाढवण्याआधी जागा मोजा. कोअरच्या पुढच्या थरातून जाताना हवा गरम होते, मागच्या थराला तीच गरम हवा मिळते, म्हणून डबल जाडी म्हणजे डबल थंडावा होत नाही. उंची-रुंदी दोन इंच वाढवायला मिळाली तर ती आधी घ्या. ही अक्कल फार जुनी आहे, 1900-01 मध्ये मायबाखने पहिल्या मर्सिडीजसाठी हजारो बारीक चौकोनी नळ्यांचा मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर केला तो हवेला जास्तीत जास्त पृष्ठभाग मिळावा म्हणूनच. बोनेटखाली उंची असेल तर व्ही-माउंटचा विचार करा, मझ्दा आरएक्स-7 वाले करतात तसा, इंटरकूलर आणि रेडिएटर आडवे-तिरके, दोघांना आपापली ताजी हवा.

फॅब्रिकेटरला एक गोष्ट ठासून सांगा, रेडिएटर चेसिसला कडक बोल्ट मारून बसवायचा नाही, खाली रबरी बुश आणि वर रबरी पकड. कडक बसवलेला रेडिएटर आपल्या रस्त्यांवर हादरे खाऊन एंड टँकच्या (कोअरच्या टोकांच्या टाक्यांच्या) वेल्डिंगलाच तडकतो आणि दोष वेल्डरवर येतो. इंटरकूलरच्या पाईपच्या टोकाला उठाव काढून घ्या म्हणजे बूस्टला होज सटकणार नाही. आणि कापाकापीच्या आधी ठाण्याच्या आरटीओत विचारून या, मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये गाडीतल्या बदलांवर बंधनं आहेत.

प्रश्न : काका, मी ऐरोलीची, वेल्डिंगचा कोर्स करून रबाळे एमआयडीसीतल्या एका शॉपमध्ये लागलेय. रेडिएटरचे एंड टँक टिग वेल्डिंगने जोडते पण कधी वेल्डमध्ये बारीक भोकं पडतात कधी काही महिन्यांनी क्रॅक येतो. माझं काय चुकतंय?

उत्तर : अगं, सगळ्यात आधी फिलर रॉडचा (जोडात वितळवून भरायच्या कांडीचा) डबा बघ. 5356 नंबरचा वापरत असशील तर तो बाजूला ठेव. त्यात 5 टक्के मॅग्नेशियम असतं आणि 65 अंशाच्या वर सतत तापणाऱ्या कामाला तो चालत नाही, कालांतराने ताणाने तडकतो, आणि रेडिएटर रोज 90 ला राहतो. 4043 घे. बऱ्याच शॉपमध्ये 5356 ताकदवान म्हणून सगळीकडे तोच वापरतात, सीनियर काही म्हणाले तर त्यांना हे तापमानाचं कारण सांग, ऐकतील.

भोकं पडतात ती बहुतेक मळामुळे. अ‍ॅल्युमिनियम 660 अंशाला वितळतं पण त्यावरचा ऑक्साइडचा थर 2000 च्या वर, म्हणून एसी करंटवर वेल्डिंग, म्हणून आधी अ‍ॅसिटोनने पुसायचं, मग स्टेनलेसच्या ब्रशने घासायचं, आणि तो ब्रश लोखंडाला कधीच लावायचा नाही. पावसाळ्यात खाडीकडची दमट हवा असते, पत्रा थंड असेल तर त्यावर ओल धरते, हलका गरम करून घे. कोअरजवळ मात्र थांबू नकोस, तिथले जोड ब्रेझिंगचे (कमी तापमानाला वितळणाऱ्या धातूने जोडलेले) असतात, ते 600 अंशाच्या आसपासच सुटायला लागतात. थोडं थोडं टाक, बाजू बदल, हात लावता येईल इतकं थंड होऊ दे, मग पुढे. शेवटी दोन्ही तोंडं बंद करून पाण्याच्या टाकीत बुडव आणि 1.5 बारच्या वर हवा देऊ नकोस.

प्रश्न : नवी मुंबईचं मोरबे धरणाचं पाणी तर चांगलं आहे, मग तेच कूलंटमध्ये घातलं तर चालेल का? (एक वाचक, नेरूळ)

उत्तर : प्यायला उत्तम, रेडिएटरला नाही. नळाच्या पाण्यातलं क्लोराईड अ‍ॅल्युमिनियमला आतून खड्डे पाडतं आणि क्षार नळ्यांत बसतात. डिमिनरलाइज्ड पाणी आणि कूलंट, डब्यावरच्या प्रमाणात, 50 टक्क्यांच्या वर कूलंट घालू नका कारण पाणी कूलंटपेक्षा जास्त उष्णता वाहून नेतं. आत्ता नळाचं घातलेलं असेल तर पूर्ण काढून दोनदा धुऊन घ्या, आणि भरताना गाडीचं नाक चढावर ठेवा, हवा लवकर निघते.