मिनियापोलिसच्या लुथरन चर्चमध्ये मराठी ख्रिस्ती कुटुंबाला आपलं मानतात का? वर्णभेदाविरुद्ध ते नुसतं बोलतात की काही करतातही?

तुम्ही लिहिलंय की नोकरीसाठी इकडे येताय, घराजवळ लुथरन चर्च आहे आणि २०२० नंतर तिथलं वातावरण कसं आहे ते जाणून घ्यायचंय. मी मूळची नगरची, ना. वा. टिळकांची ख्रिस्ती भजनं म्हणत वाढलेली. आता बरीच वर्षं दक्षिण मिनियापोलिसमधल्या एका लुथरन चर्चची सभासद आहे.

आपलं मानतात का? मानतात. आजारी पडलात तर दाराशी गरम हॉटडिश, म्हणजे ओव्हनमध्ये एकाच भांड्यात भाजलेलं जेवण, येईल (अळणी असेल, तिखटमीठ घरात ठेवा). मयताच्या जेवणाला वाढायला तुम्हालाही उभं करतील. पण कारभारात किती विचारतील, हा वेगळा प्रश्न, आणि तिथंच माझं दुखणं आहे.

२५ मे २०२० ला अडतिसावा रस्ता आणि शिकागो अव्हेन्यूच्या चौकात गोऱ्या पोलिसाने जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाला गुडघ्याखाली दाबून मारलं. निदर्शनं पेटली आणि २८ तारखेच्या रात्री थर्ड प्रिसिंक्ट या पोलीस ठाण्याची इमारत जळाली. तिथून जवळच असलेल्या होली ट्रिनिटी लुथरन चर्चने दारं उघडली आणि आत जखमींवर उपचार सुरू झाले. हे सगळं कोविडमध्ये, जेव्हा रविवारची उपासनासुद्धा स्क्रीनवर चालली होती. लेक स्ट्रीटवरची दुकानं एकतर जळालेली, नाहीतर फळ्या ठोकून बंद. म्हणून आमच्या चर्चनेही तळघर उघडलं. लुटेफिस्क या नॉर्वेजियन माशाच्या जेवणावळीची लांब टेबलं मांडली आणि त्यावर डायपर, बाळाचं दूध, सॅनिटरी पॅड यांचे ढीग लागले. उपनगरातल्या चर्चमधून गाड्या भरभरून सामान येत होतं. एक नॉर्वेजियन वंशाच्या आजी मास्क लावून, मार्कर घेऊन डायपरच्या पिशव्यांवर मापं लिहीत बसायच्या. ‘जास्त मागितले तर जास्त द्या, कारण विचारू नका,’ असं आम्हाला बजावायच्या.

जूनमध्ये झूमवर बैठक झाली. विषय एकच: बाहेर ‘ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर’ची (काळ्यांच्या जिवालाही मोल आहे) पाटी लावायची का. त्याच आजी म्हणाल्या, नको, पोलिसांच्या घरची माणसं आपल्यात आहेत. एक वडीलधारे म्हणाले, मदत केली ना, आता राजकारण कशाला? मी म्हटलं, डायपर वाटायची वेळ का आली हे विचारणं राजकारण असेल तर ते करायलाच हवं. मग तासभर अक्षरं किती मोठी असावीत यावर चर्चा. शेवटी पाटी लागली. रस्त्याकडे नाही, पार्किंगच्या बाजूला! म्हणजे वाचणार कोण, तर आम्हीच.

पुढे वंशन्यायाची समिती झाली आणि तिच्यावर पहिलं नाव माझं. वेबसाइटच्या पहिल्या पानावर माझा साडीतला फोटो. एक सावळी बाई समितीवर बसवली की दोन गल्ल्या पलीकडच्या काळ्या शेजाऱ्याचं दार वाजवावं लागत नाही. मी फोटो काढायला लावला. काहींना राग आला, येऊ दे.

हे एका चर्चपुरतं नाही. प्यू या संशोधन संस्थेच्या २०१४ च्या पाहणीत ईएलसीए या अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या लुथरन संघटनेचे ९६ टक्के सभासद गोरे निघाले होते. १८३२ मध्ये दीक्षा मिळालेले जेहू जोन्स हे अमेरिकेतले पहिले काळे लुथरन पाळक. ते दक्षिण कॅरोलिनातल्या आपल्या चार्ल्स्टन गावी परतले तर अटक झाली. फिलाडेल्फियात उभारलेलं चर्च पुढे कर्जापायी गेलं. २०१५ मध्ये त्याच चार्ल्स्टनमधल्या इमॅन्युएल चर्चमध्ये नऊ काळ्या भाविकांना गोळ्या घालणारा तरुण लुथरन मंडळीतला होता, आणि मेलेल्यांपैकी दोन पाळक लुथरन सेमिनरीत शिकलेले होते. २०१९ मध्ये ईएलसीएने आफ्रिकी वंशाच्या लोकांची जाहीर माफी मागितली. माफीनामा चांगला आहे, वाचा. पण वार्षिक सभेत बजेटचा कागद हातात आला की पैसे कुठं जातात तेही वाचा. छपराला किती आणि शेजाऱ्यांना किती, यावरून कळतं.

आता माझा पुण्यातला आतेभाऊ. त्या वर्षी मी फॅमिली ग्रुपवर चर्चच्या तळघराचे फोटो टाकले, तर हा म्हणतो, ‘अमेरिकेतल्या काळ्यांचं आम्हाला काय सांगतेस, आपल्या चर्चमध्ये जात कुठं असते?’ या गृहस्थांनी पोटच्या मुलीचं ठरत आलेलं लग्न मोडलं. मुलगा इंजिनियर, बाप्तिस्मा झालेला, क्वायरमध्ये गाणारा. पण त्याचे आजोबा मांगवाड्यातले आणि आमचे महारवाड्यातले. दोन्हीकडचे लोक एकाच पेल्यातून प्रभुभोजन घेतात! इथले गोरे निदान बैठक घेऊन भांडले, पाटी चुकीच्या बाजूला का होईना, लावली. आमच्याकडे विषय काढला की ‘प्रार्थना करूया’ म्हणून सगळे डोळे मिटतात. त्यामुळे इकडे येऊन गोऱ्यांना नावं ठेवणार असाल तर आधी आपल्या घरातल्या सोयरिकी आठवा.

मी बोलतेय ते ईएलसीएच्या शहरी चर्चबद्दल. मिसूरी सिनॉड या दुसऱ्या लुथरन संघटनेची चर्च बरीच सनातनी, त्यांचं गणित वेगळं. पाटीवर कोणतं नाव आहे ते आधी बघा. मुलं लहान असतील तर संडे स्कूल चालू आहे का तेही विचारून घ्या. आमच्याकडे मुलंच उरली नाहीत, म्हणून बंद आहे.