एमआरआयमध्ये पिट्युटरीची गाठ दिसली, मग जांघेतून नळी घालून तपासणी कशाला?

तुम्ही लिहिलंय की बहिणीला कुशिंग (शरीरात कॉर्टिसॉल हे हार्मोन फार वाढण्याचा आजार) आहे, एमआरआयमध्ये पिट्युटरीत, म्हणजे मेंदूखालच्या छोट्या ग्रंथीत, ४ मिलिमीटरची गाठ दिसलीय, आणि तरीही डॉक्टर ऑपरेशनआधी आयपीएसएस, म्हणजे जांघेतून नळी घालून पिट्युटरीजवळचं रक्त तपासणं, करायला सांगतायत. 'उगाच खर्च वाढवतायत का?' हाच प्रश्न माझ्या नवऱ्यानेही विचारला होता, तोही डॉक्टरांच्या तोंडावर. मी स्वतः यातून गेलेली पेशंट आहे, डॉक्टर नाही, हे आधीच सांगते.

आमच्या डॉक्टरांनी दिलेलं उत्तर असं : धडधाकट माणसांचे एमआरआय काढले तरी साधारण दहा टक्के लोकांच्या पिट्युटरीत असा बारीक ठिपका सापडतो, आणि त्याचा त्यांना काहीही त्रास नसतो. म्हणजे ४ मिलिमीटरचा ठिपका दिसला म्हणून तोच गुन्हेगार, असं नाही. क्वचित फुप्फुसातली एखादी छोटी गाठ एसीटीएच, म्हणजे कॉर्टिसॉल वाढवायला लावणारं हार्मोन, बनवत असते. तसं असेल तर नाकातून ऑपरेशन करून पिट्युटरी खरवडायची, आणि आजार आहे तिथेच. गाठ १० मिलिमीटर किंवा मोठी असेल तर ही तपासणी सहसा लागत नाही. ६ ते ९ मध्ये डॉक्टरांची मतं वेगवेगळी असतात. ४ ला मात्र मी तरी टाळली नसती.

पण त्याआधीचं बघा. कुशिंग आहे हेच पक्कं झालंय का? रात्री अकराला डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची १ मिलिग्रॅमची गोळी घेऊन सकाळी आठला रक्त दिलं, तर निरोगी माणसाचं कॉर्टिसॉल १.८ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली येतं. माझं १४ आलं. बहीण इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या घेत असेल तर हा आकडा फसवा येतो, त्या साधारण सहा आठवडे आधी बंद कराव्या लागतात, अर्थात डॉक्टरांना विचारून. आणि गोरं करणारी क्रीम, दम्याचा पंप, गुडघेदुखीची कुठल्या तरी वैद्याची पुडी, सगळं सांगा, कारण बाहेरून गेलेल्या स्टेरॉइडनेही कुशिंग होतं. पुडीत स्टेरॉइड निघाल्याची उदाहरणं कमी नाहीत.

कॉर्टिसॉल मोजायला चोवीस तासांची लघवी गोळा करणंही झालं असेलच. सकाळची पहिली टाकून द्यायची, नंतरची सगळी दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिलीसकट कॅनमध्ये. आमच्या फ्रिजमध्ये तो कॅन दह्याच्या पातेल्याशेजारी होता. सासूबाईंनी दोन दिवस फ्रिज उघडला नाही.

आता आयपीएसएस. नाव ऐकून भीती वाटते, पण भूल फक्त जागेवरची. दोन्ही जांघांतून बारीक नळ्या शिरेतून वर, पिट्युटरीचं रक्त जिथून बाहेर पडतं तिथपर्यंत नेतात. कानामागे विचित्र दाब जाणवला, दुखलं नाही. मग डाव्या-उजव्या नळीतून आणि दुसऱ्या एका शिरेतून एकाच क्षणी रक्त घेतात. मला मध्येच डेस्मोप्रेसिनचं, म्हणजे गाठीला एसीटीएच सोडायला लावणारं, इंजेक्शन दिलं, चेहरा एकदम गरम झाला, आणि मग ठरावीक मिनिटांनी पुन्हा तेच. सिस्टर वेळ मोठ्याने म्हणत होत्या, रक्त भरलेल्या नळकांड्या लगेच बर्फात जात होत्या. डोक्याकडच्या रक्तात एसीटीएच हातापायाच्या रक्तापेक्षा दुप्पट, इंजेक्शननंतर तिप्पट किंवा जास्त असेल तर उगम पिट्युटरीत. माझं बरंच जास्त निघालं. गाठ नेमकी कुठल्या बाजूला हे मात्र यातून खात्रीने कळत नाही.

नंतर काही तास पाय सरळ ठेवून पडून राहायचं. जांघेत बशीएवढा जांभळा डाग पडला, कुशिंगमध्ये कातडी नाजूक असते ना. मेंदूला इजा व्हायचा धोका अगदी क्वचित, पण आहे. म्हणून अशा तपासण्या नेहमी होतात त्याच ठिकाणी करा.

डॉक्टरांना एक नक्की विचारा : कॉर्टिसॉल कमी करायच्या गोळ्या, म्हणजे केटोकोनाझोल वगैरे, चालू आहेत का? तपासणीच्या वेळी कॉर्टिसॉल चढलेलं असावं लागतं, नाहीतर निकाल चुकीचा येतो.

माझी गाठ शेवटी पिट्युटरीतच होती. त्यामुळे ती तपासणी फुकट गेली, असं नवरा अजूनही म्हणतो.