खाडा पडला तर खाडा लिही

प्रिय मुली,

वर्षभर रोज एक फोटो काढायचं ठरवलंस आणि पहिलाच प्रश्न काय, तर कॅमेरा कोणता घेऊ! कुठलाही घेऊ नकोस. हातातला फोन पुरे. फक्त एसी लोकलमधून दादरला उतरलीस की लगेच काढू नकोस. बाहेरच्या दमट हवेने काचेवर वाफ धरते, पुसली तरी पुन्हा धरते. दोन मिनिटं थांबायचं.

१९९४ साली मीही हा घाट घातला होता. यशिका एमएफ-२ होता आणि ३६ चे रोल. रोज एक म्हणजे वर्षाला दहा रोल आणि वर पाच फोटो, धुलाई आणि प्रिंट वेगळी. पगार किती, हे विचारूच नकोस. मग एकेक फोटो जपून वापरायचा म्हणून मी 'चांगलं काहीतरी' दिसेपर्यंत थांबायला लागले. परिणाम असा की आज माझ्याकडे दादर चौपाटीचे बावीस सूर्यास्त आहेत आणि परळच्या आमच्या खोलीचा एकच फोटो. तोही मुळात मांजराचा. मांजर हललंय. पण त्याच्या मागे मोरीचा अर्धा कठडा आहे, पितळी पिंप आहे, भिंतीवर कालनिर्णय आहे. चाळ पडली, तिथे टॉवर उभा राहिला, आणि भाचीने विचारलं, "मावशी, मोरी खोलीतच असायची?" तेव्हा दाखवायला ते हललेलं मांजरच कामी आलं. सूर्यास्त काय, आजही चौपाटीवर तसाच होतो.

तेव्हा तुझ्या घरातल्या कपड्यांच्या दोरीचा फोटो काढ, डब्यांच्या फळीचा काढ. जिन्यातल्या चपलांचा काढ. काढताना लाज वाटेल असंच काढ. जुन्या डिझेलच्या डबल डेकरची शेवटची फेरी १५ सप्टेंबर २०२३ ला झाली, दीड महिन्यात पद्मिनी टॅक्सीही गेली. निरोपाला फोटोवाल्यांची ही गर्दी! पण वरच्या मजल्यावरची पुढची सीट पकडायला रोज धावणारी पोरं कुणी टिपली होती? मी तर नाहीच.

आता त्या कालनिर्णयाकडे ये. भिंग घेऊन बघितलं तर आईने पेन्सिलने लिहिलेले दुधाचे खाडे दिसतात. महिनाअखेर दूधवाल्याचा हिशेब त्यावरच चुकता व्हायचा, म्हणून त्यात लबाडी नसे. तूही तशीच राहा. ताप आला, विसरलीस, नुसता कंटाळा आला, तर वहीत त्या तारखेला खाडा लिही, पुढे कारण लिही. दुसऱ्या दिवशी दोन काढून एक मागच्या तारखेला चिकटवू नकोस. एकदा चिकटवलास की बाकीच्या फोटोंवरचा तुझा स्वतःचाच विश्वास उडतो.

न्यूयॉर्कच्या जेमी लिव्हिंग्स्टनने ३१ मार्च १९७९ पासून २५ ऑक्टोबर १९९७ पर्यंत, म्हणजे मृत्यूच्या दिवसापर्यंत, रोज एक पोलरॉइड काढला. हे तुला घाबरवायला सांगत नाही. तुला एकच वर्ष काढायचंय.

किरकोळ दोन गोष्टी. फाईलच्या नावात आधी साल, मग महिना, मग दिवस, म्हणजे आपोआप ओळीत लागतात. आणि व्हॉट्सॲपवरून आलेली प्रत मूळ म्हणून ठेवू नकोस, त्यात काढल्याची वेळ उरत नाही. लेडीज डब्यात मटार सोलणाऱ्या बाईचा फोटो हवा असेल तर आधी विचार. नाही म्हणाली तर नुसत्या शेंगांच्या पिशवीचा काढ. तोही विचारूनच.

१५ मेच्या सुमारास, दुपारी साडेबारानंतर गच्चीवर जा. मुंबईत त्या दिवशी सूर्य थेट डोक्यावर येतो, उभ्या बादलीची सावली तिच्याच बुडाखाली जाते. जुलैच्या शेवटी पुन्हा येतो, पण तेव्हा ढग काही दिसू देतील तर शप्पथ.

पहिला महिना झाला की ये. निवडून आणू नकोस, सगळे आण. वहीसुद्धा आण, मला खाडे आधी बघायचेत.

तुझी,
मावशी