रूपविकारी, म्हणजे तेज कमी-जास्त होणाऱ्या, ताऱ्यांचे निरीक्षण करणाऱ्या आमच्या मंडळात चार-पाच जणच उरले आहेत. ते चालू कसे ठेवावे?

तुमच्या यादीत तीस नावे आहेत, मासिक भेटीला चार-पाच जण येतात, निरीक्षणे नियमितपणे दोघेच कळवतात, आणि आता मंडळ बंद करणेच बरे असे तुम्हाला वाटू लागले आहे, असे तुम्ही लिहिले आहे. बंद करू नका, हे मी आधीच सांगते. असेच एक मंडळ मी बारा वर्षे सांभाळते आहे आणि आमची संख्या तुमच्याहून फारशी मोठी कधीच नव्हती.

या छंदाला मुळात गर्दी लागत नाही. इंग्लंडमधील यॉर्क येथे 1780 च्या दशकात जॉन गुडरिक आणि एडवर्ड पिगॉट हे दोघे शेजारी मिळून ताऱ्यांच्या तेजाची नोंद ठेवत. ययाती तारकासमूहातील अल्गोल हा तारा जवळपास 2 दिवस 21 तासांच्या ठरावीक अंतराने मंद होतो हे गुडरिकने दाखवून दिले आणि 1783 मध्ये त्याला त्यासाठी रॉयल सोसायटीचे कॉप्ली पदक मिळाले. पुढच्याच वर्षी पिगॉटला गरुडातील ईटा आणि गुडरिकला वृषपर्व्यातील डेल्टा हे तारे रूपविकारी असल्याचे आढळले. गुडरिकला ऐकू येत नसे आणि 1786 मध्ये, अवघ्या एकविसाव्या वर्षी तो वारला. त्याच्या त्या डेल्टा ताऱ्यावरून ज्यांना सेफीड हे नाव पडले, त्या ताऱ्यांचा आवर्तकाल (तेज घटून-वाढून पुन्हा पहिल्याइतके व्हायला लागणारा काळ) आणि तेजस्विता यांचा संबंध खगोलशास्त्रज्ञ हेन्रिएटा लेव्हिट यांनी 1912 मध्ये स्पष्टपणे मांडला आणि दूरच्या दीर्घिकांची अंतरे मोजण्याचे साधन खगोलशास्त्राला मिळाले. गुडरिक आणि पिगॉट यांचे मंडळ म्हणजे ते दोघेच होते, आणि तरीही त्यांच्या नोंदी पुढच्यांच्या उपयोगी पडल्या.

संख्या वाढवण्याचा प्रयत्न मीही केला होता. शनीची कडी दाखवण्याचे कार्यक्रम आम्ही ठेवले, लोक मोठ्या उत्साहाने आले, पुष्कळांनी नावेही दिली, पण दोन-तीन महिन्यांनंतर त्यांपैकी जवळजवळ कोणीच आले नाही. त्यांना दोष देता येणार नाही. शनी पाहताक्षणी मन भरून येते. मीरा हा तारा मात्र सरासरी 332 दिवसांत आपले एक आवर्तन पुरे करतो, आणि त्याचा आनंद आठवडेच्या आठवडे एकेक आकडा लिहिणाऱ्यालाच कळतो. त्या वर्षी ही धावपळ करण्यात, आधीपासून येणाऱ्या चौघांकडे माझे दुर्लक्ष झाले, ही खंत मला अजून आहे.

आमच्याकडे उपयोग झाला तो एका सामाईक नोंदवहीचा. पूर्वी भेटीत ‘कोणी काही पाहिले का?’ असे मी विचारत असे आणि सगळे गप्प बसत. आता दर ऋतूला आम्ही सर्वांसाठी एकच तारा ठरवतो, तुलनेचे तारे आणि त्यांच्या प्रती (तेजाचे आकडे; आकडा जितका मोठा तितका तारा मंद) आधीच लिहून देतो, आणि प्रत्येकाने महिन्याभरात निदान एक अंदाज द्यावा एवढीच अपेक्षा ठेवतो. मग बोलणे आपोआप सुरू होते, कारण एकाच संध्याकाळी एकाने 3.1 आणि दुसऱ्याने 3.4 लिहिलेले असते आणि फरक का पडला हे दोघांनाही जाणून घ्यायचे असते. तांबड्या ताऱ्यांच्या बाबतीत हे हमखास घडते. असा तारा टक लावून पाहत राहिले की तो आहे त्याहून तेजस्वी भासू लागतो, म्हणून ओझरत्या नजरेने अंदाज घ्यावा लागतो, आणि ही सवय समजावून सांगता सांगता आमच्या दोन-दोन तासांच्या भेटी रंगल्या आहेत. ‘तारा दिसला नाही, अमुक प्रतीपेक्षा मंद असावा’ ही नोंदही आम्ही पूर्ण नोंद मानतो. शास्त्रीयदृष्ट्या ती उपयोगाची असतेच. शिवाय ज्याला काही सापडले नाही त्यालाही लिहिण्यासारखे काहीतरी राहते.

न बोलणाऱ्यांविषयी मात्र जपून वागा. एकदा मी यादी आवरायला घेतली आणि तीन वर्षांत एकदाही न आलेल्यांची नावे काढून टाकली. महिन्याभराने त्यांतल्या एका वयस्क गृहस्थांचे पत्र आले. आजारपणामुळे त्यांना रात्री बाहेर पडता येत नव्हते, परंतु आम्ही पाठवलेला प्रत्येक आलेख ते जपून ठेवत होते, आणि या वेळी तो का आला नाही, एवढेच त्यांनी विचारले होते. मी त्याच दिवशी सगळी नावे परत घातली. तुमच्या यादीतील पंचवीस जण गप्प असतील, पण ते निघून गेले आहेत असे त्यावरून ठरत नाही.

बाकी व्यवस्था साधी ठेवावी. भेटीचा वार बदलू नये आणि दोघेच आले तरी भेट रद्द करू नये. नोंदवही कुठे आहे आणि आलेख कसा काढतात हे तुमच्याखेरीज आणखी एकाला ठाऊक असले पाहिजे. अशी मंडळे बहुधा सभासद कमी झाले म्हणून बंद पडत नाहीत, सांभाळणारी एकमेव व्यक्ती थकते म्हणून पडतात.

आता लगेच करण्यासारखे एक काम सुचवते. अल्गोलचा किमान तेजाचा क्षण दर खेपेला, तीन दिवसांनी, घड्याळात सुमारे 3 तास 11 मिनिटे अलीकडे येतो. म्हणजे एक किमान मध्यरात्री आला तर पुढचा रात्री नऊच्या सुमारास येतो. तारा आकाशात पुरेसा वर असेल अशा दिवसांतला नऊच्या आसपासचा एखादा किमान निवडा. तीसही जणांना सामाईक निरोप न पाठवता एकेकाला नावाने लिहा, आणि त्या रात्री सात वाजता व नऊ वाजता असे दोनदाच अल्गोलकडे पाहायला सांगा. देवयानीतील गॅमा 2.1 प्रतीचा आहे आणि ययातीतीलच एप्सिलॉन 2.9 प्रतीचा. अल्गोल एरवी गॅमाइतका तेजस्वी असतो आणि किमानाच्या वेळी एप्सिलॉनपेक्षाही मंद, सुमारे 3.4 प्रतीचा होतो. त्यामुळे दुर्बीण नसली तरी फरक साध्या डोळ्यांना कळतो. उत्तरे जितकी येतील तितकी, अगदी तीनच आली तरी, एका कागदावर मांडा आणि तो कागद तिसांनाही पाठवा.